कोल्हापुरातून अंदमानात बिऱ्हाड हलवण्याआधी

कुणाची बँकेतून पोर्ट ब्लेअरला बदली होते. कुणाला तिथल्या हॉटेलात नोकरी चालून येते. आणि कुणी डिसेंबरात आठवडाभर फिरून आलेलं असतं, रंकाळ्याच्या कट्ट्यावर निळ्या पाण्याचे फोटो दाखवता दाखवता विषय निघतो, "तिकडंच राहायला गेलो तर?" हा लेख तिघांच्याही कामाचा आहे, पण लिहिलाय मुख्यतः तिसऱ्यासाठी. पहिल्या दोघांच्या हातात निदान पगाराचा कागद असतो. तिसऱ्याकडे फक्त फोटो असतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बेटावर राहायला जायचं की नाही, हे तिथलं राहणीमान बघून ठरवू नये. तिथून घाईनं निघायची वेळ आली तर काय होईल, त्यावरून ठरवावं. भाडं, भाजी, शाळा हे प्रश्न कसेबसे सुटतात. मधला समुद्र सुटत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांत परतीचा हिशेब सामानाच्या यादीच्या बराच आधी येतो.

आधी नकाशा उघडा

अंदमान-निकोबार म्हणजे लहानमोठी बेटं आणि खडक मिळून ८३६, आणि वस्ती त्यांतल्या ३१ बेटांवर. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याहून जरासं जास्त. पण २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या होती ३ लाख ८० हजार, आणि आपल्या जिल्ह्याची ३८ लाख ७६ हजार. जागा तेवढीच, माणसं दहा टक्के. निवांतपणाचं कारण हेच आणि अडचणींचंही हेच. जिथं गिऱ्हाईक कमी, तिथं फ्रीजचा सुटा भाग, हाडांचा तज्ज्ञ आणि गणिताची शिकवणी या सगळ्यांचीच संख्या कमी असते.

नावांचा गोंधळ होऊ देऊ नका. २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. लोकांच्या तोंडी अजून जुनी नावं आहेत, कागदावर नवी येतात. पत्ता लिहिताना आणि तिकीट काढताना दोन्ही माहीत हवीत.

"अंदमानात राहायला जाणार" एवढं म्हणून भागत नाही; कुठल्या बेटावर, हे आधी ठरवा. पोर्ट ब्लेअर हे एकच गाव असं आहे जिथं विमानतळ, मोठं सरकारी रुग्णालय, महाविद्यालयं आणि बऱ्यापैकी बाजार एकत्र मिळतात. कुटुंब घेऊन जाणाऱ्यानं पहिली दोन वर्षं तरी इथंच काढावीत, असं मी ठासून सांगेन. हॅवलॉक आणि नील पर्यटनावर चालतात; स्कूबाचं प्रशिक्षण, रिसॉर्ट, उपाहारगृह अशी कामं असतील तर ठीक, पण तिथं भाड्याची घरं मोजकी आणि दवाखाना प्राथमिक पातळीचा. उत्तरेकडची रंगत, मायाबंदर, दिगलीपूर ही शेती-मासेमारीची शांत गावं. लिटल अंदमानवरचं हट बे आणखी दूर.

ग्रेट निकोबारवरचं कॅम्पबेल बे तर पोर्ट ब्लेअरहून पाचशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याकडच्या फौजी घरांना त्याचं एक वेगळं अप्रूप वाटेल: १९६९ ते १९८० च्या दरम्यान सरकारनं तिथं माजी सैनिकांची कुटुंबं वसवली आणि त्यांत महाराष्ट्रातलीही होती. पण तेव्हा सरकारनं जमीन देऊन माणसं नेली होती. आज तिथल्या प्रस्तावित बंदराच्या बातम्या वाचून "आत्ताच जाऊन जागा धरतो" म्हणणाऱ्यानं दमानं घ्यावं.

निकोबारमधल्या आदिवासी राखीव भागात जायला भारतीय नागरिकालाही पास लागतो. तिथं मनात आलं म्हणून बिऱ्हाड थाटता येत नाही. लक्षद्वीपचंही तसंच. प्रवेशालाच परवाना लागतो, त्यामुळे बदलीवर जाणाऱ्यांखेरीज इतरांनी तो विचार सोडून द्यावा.

पोर्ट ब्लेअरहून उत्तरेला जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यापासून ठरावीक वेळेलाच गाड्यांचा ताफा सुटतो. वाटेत थांबणं, फोटो काढणं, काही खायला देणं, सगळं कायद्यानं बंद. ताफा चुकला की पुढच्या वेळेची वाट बघायची. गंमत म्हणजे या रस्त्याचा आजचा क्रमांक आहे राष्ट्रीय महामार्ग ४. आपल्या पुणे-बेंगळुरू रस्त्याला कागदोपत्री ४८ नंबर मिळून वर्षं लोटली तरी आपण त्याला "एनएच फोर" म्हणायचं सोडलेलं नाही. तो नंबर अंदमानात गेलाय.

परतीचा हिशेब

एक वही घ्या आणि घरातल्या सगळ्यांना बसवून पुढचे प्रसंग लिहून काढा. नुसतं बोलू नका, तास आणि रुपये लिहा.

पहिला प्रसंग: संध्याकाळी सात वाजता कोल्हापुरातून फोन येतो, वडिलांना अतिदक्षता विभागात हलवलंय. पोर्ट ब्लेअरहून बहुतेक विमानं सकाळी आणि दुपारी सुटतात. म्हणजे रात्र तिथंच जाते. सकाळी चेन्नई किंवा बेंगळुरूचं विमान, तिथून पुढं जोडविमान मिळालं तर उजळाईवाडी, नाहीतर बेंगळुरूहून रात्रीची बस. फोन आल्यापासून दारात पाऊल ठेवेपर्यंत चोवीस ते छत्तीस तास धरा. ऐन वेळचं विमानभाडं चार माणसांचं किती होईल, हे आजच्या तारखेला उद्याचं तिकीट शोधून बघा; आकडा समोर आला की चर्चेचा सूर बदलतो. तुम्ही हॅवलॉकला असाल तर त्यात बोटीचा प्रवास जोडा, आणि समुद्र खवळलेला असेल तर बोट रद्द. दिगलीपूरला असाल तर ट्रंक रोडवरचा जवळजवळ एक दिवस जोडा. कॅम्पबेल बेला असाल तर जहाज किंवा हेलिकॉप्टर, आणि हेलिकॉप्टरमध्ये रुग्णांना प्राधान्य असतं.

आपल्याकडे "शेवटचं तोंड बघणं" ही गोष्ट लहान नाही. भावकी थांबेल का, किती वेळ थांबेल, हे विचारायला अवघड वाटतं, पण निघण्याआधीच विचारलेलं बरं. थोरल्या भावाशी हे मोकळेपणानं बोलता येत नसेल तर तुमची तयारी अजून झालेली नाही.

दुसरा प्रसंग: आजारी तुम्हीच पडता. पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत रुग्णालय तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि रोजच्या दुखण्याखुपण्याला पुरेसं आहे. गुंतागुंतीची शस्त्रक्रिया, कर्करोगाचे उपचार वगैरेंसाठी लोक चेन्नई किंवा कोलकात्याला जातात. सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय आणि दोन-चार मोठी खासगी रुग्णालयं रिक्षाच्या अंतरावर असण्याची आपल्याला सवय झालेली असते. घरात कुणाला डायलिसिस असेल, हृदयाचा आजार अस्थिर असेल, गरोदरपण जोखमीचं असेल, तर हा विचार इथंच थांबवा. मधुमेह, रक्तदाब असेल तर जाता येईल, पण तीन महिन्यांची औषधं हाताशी ठेवायची सवय लावून घ्या. आरोग्य विमा घेताना पोर्ट ब्लेअरपेक्षा चेन्नईतली कुठली रुग्णालयं त्यात येतात ते बघा, आणि विमानानं रुग्ण हलवण्याचा खर्च मिळतो का हे लेखी विचारा.

तिसरा प्रसंग: नोकरी सुटते किंवा धंदा बसतो. परतीचं भाडं, सामानाची वाहतूक आणि कोल्हापुरात सहा महिने घर चालेल एवढी रक्कम वेगळ्या ठेवीत टाका. या ठेवीला स्कूटर, फर्निचर, सहल, कशासाठीही हात लावायचा नाही. ही रक्कम उभी राहत नसेल तर एक वर्ष थांबा.

हे तीन प्रसंग लिहून झाल्यावरही घरात "जाऊया" असंच मत निघालं, तर पुढं वाचा.

पोटापाण्याचं

बेटांवरची कायम नोकरी मुख्यतः सरकारी: प्रशासन, नौदल, तटरक्षक दल, बँका. केंद्रीय कर्मचाऱ्यांना बेटांवरच्या नेमणुकीसाठी विशेष भत्ता मिळतो, पण स्थानिक प्रशासनाच्या पदांसाठी बहुधा स्थानिक रहिवासाची अट असते. बाहेरच्या माणसाच्या वाट्याला येतं ते खासगी: पर्यटन, बांधकामाचे ठेके, हॉटेल, डायव्हिंग.

पर्यटनाचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या पडतात आणि मालक पगार अर्धा करतो किंवा माणसं घरी पाठवतो. म्हणून नोकरीचं पत्र हातात आलं की एकच प्रश्न विचारा: जुलैचा पगार किती? उत्तर तोंडी मिळालं तर ते उत्तर नव्हे.

घरून काम करणाऱ्यांचं आता जमतं. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली, तोवर सगळं उपग्रहावर चालायचं आणि साधा व्हिडिओ कॉलही नशिबाचा भाग होता. आता पोर्ट ब्लेअरमध्ये काम होईल असं इंटरनेट मिळतं. मात्र वीज देशाच्या जाळ्याला जोडलेली नाही, बरीचशी डिझेल जनित्रांवर तयार होते; इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवल्याशिवाय ग्राहकाला वेळेची हमी देऊ नका. पोर्ट ब्लेअर सोडलं की गावागणिक फरक पडतो, तेव्हा घर बघताना त्याच खोलीत उभं राहून वेग तपासा.

कोल्हापुरी जेवणाचं हॉटेल काढायची कल्पना पुष्कळांना सुचते. तांबडा-पांढरा रस्सा तिथं चालेलही. पण मटण महाग आणि मिरची, खोबरं, मसाला सगळा समुद्रापलीकडून येणार. मासळीवर मेन्यू बसवता येत असेल तरच पुढं जा.

जाऊन बघा, पण डिसेंबरात नको

डिसेंबर ते फेब्रुवारीचं अंदमान तुम्हाला फसवेल, कारण तेव्हा ते खरंच सुंदर असतं. राहायचं ठरवण्यासाठी दोन वेळा जाऊन यावं. जुलै-ऑगस्टमध्ये एकदा, आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा.

पावसाळ्यात कशासाठी, तर तिथं वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कोल्हापूर शहराच्या मानानं तिप्पट, गगनबावड्याच्या मानानं कमी. पण आपला पाऊस जूनमध्ये येतो आणि दसऱ्याच्या आसपास आवरतं घेतो. अंदमानात मान्सून मेच्या तिसऱ्या आठवड्यातच येतो आणि नैर्ऋत्य वारे गेल्यावर ईशान्येकडचा पाऊस डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, बोटी रद्द होतात. हे सोसवतं का, ते तिथं राहूनच कळतं.

आणि उन्हाळ्यात कशासाठी, तर पाण्यासाठी. एवढा पाऊस पडूनही तो साठवायला जागा कमी. पोर्ट ब्लेअरची मुख्य भिस्त धनीखाडी धरणावर. उन्हाळ्याच्या अखेरीस नळाला एकाआड एक दिवस किंवा त्याहूनही उशिरा पाणी येतं. राधानगरी आणि काळम्मावाडीच्या जिवावर वाढलेल्या माणसाला ही गोष्ट सांगून पटत नाही. घर बघताना खोल्यांआधी टाकी मोजा. पत्र्याच्या छपरावरचं पाणी टाकीत उतरवायची सोय असेल तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही.

या फेऱ्यांत रिसॉर्टमध्ये उतरू नका. गाराचर्मा, डॉलीगंज, प्रोथरापूर अशा वस्तीच्या भागात महिन्याच्या भाड्याची खोली मिळते का बघा, अबर्डीन बाजारात स्वतः भाजी घ्या, मुलांच्या शाळेच्या वेळेला बस पकडा. संध्याकाळकडे नीट लक्ष द्या. घड्याळ भारताचंच, पण पोर्ट ब्लेअर कोल्हापूरच्या पूर्वेला अठरा अंशांहून जास्त, त्यामुळे सूर्य सव्वा तास आधी. डिसेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो. जूनमध्ये पहाटे पाचला लख्ख उजाडलेलं असतं. रात्री अकराला मिरजकर तिकटीवर गप्पा ठोकणाऱ्याला पहिला धक्का याचाच बसतो. तिथलं गाव लवकर उठतं आणि लवकर निजतं.

भाषेची काळजी करू नका. बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी अशी सगळी माणसं असल्यामुळे बाजारात हिंदी चालते, आणि ती आपल्यासारखीच सगळ्यांची थोडी वाकडी असते.

भूकंपाच्या नकाशावर ही बेटं सर्वांत धोक्याच्या क्षेत्रात आहेत. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी तिथल्या प्रत्येक घराच्या आठवणीत आहे. घर किनाऱ्यालगत न घेता चढावर घ्या, आणि जमीन जोरात हलली तर इशाऱ्याची वाट न बघता उंचावर जायचं, हे मुलांना पहिल्याच आठवड्यात शिकवा. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या इशाऱ्याचे फलक असतात. ते शोभेला लावलेले नाहीत.

मुलांचं शिक्षण: इथं घाई नको

तिथल्या शाळा सीबीएसईच्या. मराठी विषय मिळेल असं धरून चालू नका. पाचवी-सहावीतलं मूल वर्षभरात रुळतं. आठवीनंतर मात्र जपून. दहावीच्या परीक्षेची नोंदणी सीबीएसईत नववीतच होते आणि थेट दहावीत प्रवेश क्वचितच मिळतो.

त्याहून मोठी गोष्ट, जी निघण्याच्या गडबडीत कुणी सांगत नाही. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून प्रवेश हवा असेल तर सर्वसाधारण नियम असा की अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या हव्यात. केंद्र सरकारच्या बदली झालेल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. खासगी नोकरीसाठी गेलेल्याच्या मुलाला त्या मिळत नाहीत. मूल हुशार आहे, डॉक्टर व्हायचं म्हणतंय आणि तुम्ही त्याला नववीत अंदमानात नेताय, तर काय सोडताय ते माहीत असू द्या. अशा वेळी एका पालकानं मुलासोबत कोल्हापुरात थांबणं किंवा दोन-तीन वर्षं बेत पुढं ढकलणं, यांपैकी मी दुसरं निवडेन.

जातीच्या दाखल्याचंही लक्षात घ्या. आरक्षणाचा हक्क मूळ राज्याशी बांधलेला असतो, आणि अंदमान-निकोबारसाठी अनुसूचित जातींची यादीच अधिसूचित नाही. मूळ दाखले आणि जात पडताळणी कोल्हापुरातच पूर्ण करून घ्या. नंतर तिथून पाठपुरावा करणं जिकिरीचं जातं.

खर्चाची मांडणी

कोल्हापूरच्या खर्चाची यादी घेऊन तिच्यावर सरसकट वीस-तीस टक्के चढवण्याची पद्धत चुकीची. काही गोष्टी स्वस्त आहेत. मासळी मुबलक. पेट्रोल गेली काही वर्षं देशात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या ठिकाणांत पोर्ट ब्लेअर येतं, कारण तिथला कर कमी. महाग आहे ते जहाजातून येणारं: कांदा, बटाटा, डाळी, फळं, सिमेंट, औषधं. जहाजाला उशीर झाला की भाव वर जातो. दूध पावडरचं किंवा खोक्यातलं. गंगावेशीत समोर म्हैस पिळून फेसाळ दूध पिणाऱ्यानं ही आशा इथंच ठेवून जावं.

प्रवासाचा खर्च वेगळा मांडा. बेटांमधल्या सरकारी बोटींना स्थानिकांसाठी एक दर आणि बाहेरच्यांसाठी त्याहून बराच जास्त दर असतो. स्थानिक ओळखपत्र मिळायला बरीच वर्षं राहावं लागतं, त्यामुळे सुरुवातीला तुम्ही कायम बाहेरचेच. वर्षातून कुटुंबाच्या दोन कोल्हापूरवाऱ्या धरा: एक गणपती किंवा दिवाळीची ठरवून, दुसरी न सांगता येणारी.

जमिनीच्या नादाला सुरुवातीला लागू नका. बेटांचा बहुतेक भाग जंगल आणि आदिवासी राखीव आहे. उरलेल्या थोड्या महसुली जमिनीतही परवान्यावर दिलेल्या जागा असतात, त्या मनाजोग्या विकता येत नाहीत. सातबारा बघून सौदा करण्याची आपली सवय तिथं कामाची नाही. कब्जा दाखवून विकायला येणारा कितीही गोड बोलला तरी तहसील कार्यालयातली नोंद बघितल्याशिवाय बयाणा द्यायचा नाही.

मागं काय ठेवून जाताय

घर विकू नका. भाड्यानं द्यायचं तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्रात कायद्यानं बंधनकारक आहे; ओळखीच्या माणसाला तोंडी देऊन समुद्रापलीकडं जाऊ नका. घर पंचगंगेच्या पूररेषेत असेल तर २०१९ आणि २०२१ आठवा. किल्ली अशा माणसाकडे हवी, जो सांगलीच्या आयर्विन पुलाची नव्हे, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो आणि वेळेत सामान माळ्यावर चढवतो.

शेती असेल तर काम वाढतं. उसाची कारखान्याकडची नोंद, तोडणीचा पाठपुरावा, पाणीपट्टी, सोसायटीचं कर्ज. ई-पीक पाहणी तर शेतात उभं राहून मोबाइलवर करायची असते, ती पोर्ट ब्लेअरहून होत नाही. भावाला किंवा विश्वासातल्या माणसाला वटमुखत्यारपत्र द्या, पण त्यात नेमकी कामं लिहा. विक्रीचा आणि गहाणाचा अधिकार त्यात घालू नका, मग माणूस कितीही जवळचा असो.

पतसंस्था आणि स्थानिक सहकारी बँकांतली खाती राहू द्या, पण रोजच्या व्यवहारासाठी राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडूनच निघा. गॅसजोडणी जमा करून ट्रान्स्फर व्हाउचर घ्या. रेशनकार्ड देशभर चालण्याची सोय आहे, आधार जोडलेला असल्याची खात्री करा. आधारचा पत्ता आणि मतदारयादीतलं स्थलांतर (नमुना ८) तिथला भाडेकरार हातात आल्यावर करा. वर्षभर टिकाल की नाही याचीच शंका असेल तर मतदारयादीची घाई करू नका.

काय न्यायचं

थोडं. कोल्हापूर ते चेन्नई साधारण एक हजार किलोमीटर ट्रकनं, तोच आपला महामार्ग थेट चेन्नईला जातो. तिथून पुढं मालवाहू जहाजातल्या कंटेनरनं. मूव्हर्सवाल्याकडून दारापासून दारापर्यंतचा एकच दर लेखी घ्या, बंदरावर कंटेनर रखडला तर भाडं कुणी भरायचं ते त्यातच लिहून घ्या, आणि समुद्रमार्गाचा विमा वेगळा आहे का विचारा. सामान पोहोचायला महिना लागू शकतो असं धरून हातातल्या बॅगा भरा.

प्लायवूडचे पलंग आणि कपाटं इथंच विका; दमटपणानं फुगतात. लोखंडी कपाट खाऱ्या हवेत गंजतं. हुपरीची चांदी काळी पडते, ती बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जा. कोल्हापुरी चप्पल न्यायची तर एकच जोड न्या, आणि तीही पावसाळ्यात हवाबंद डब्यात, नाहीतर कमावलेल्या चामड्यावर आठ दिवसांत हिरवी बुरशी चढते. कांदा-लसूण मसाला मात्र वर्षाचा न नेता दोन-दोन महिन्यांचा मागवावा; नेलेला लहान बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवावा. गुळाची ढेप पाझरते, त्यापेक्षा काकवी बरी. न्यावं असं म्हणजे: चांगला मिक्सर आणि त्याची सुटी भांडी, कुकरच्या रिंगा, मच्छरदाण्या, झाकणाचे स्टीलचे डबे, जाड रेनकोट, चष्म्याची दुसरी जोडी.

जुनी दुचाकी विकून जा. चांगली गाडी न्यायचीच असेल तर आरटीओकडून नमुना २८ वर ना-हरकत घ्यावी लागते, कर्ज असेल तर बँकेचीही संमती. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त गाडी ठेवली तर तिथला नंबर घेणं बंधनकारक आहे. एमएच-०९ ची पाटी जपण्याचा मोह समजू शकतो, पण तपासणी नाक्यावर तो कामाला येत नाही.

निघणं आणि उतरल्यावर

घरातला एकजण आधी जाऊन घर, शाळा आणि टाकी बघून येईल, बाकीचे मार्च अखेरीस परीक्षा संपल्यावर निघतील, हा क्रम सर्वांत सोयीचा. एप्रिलमध्ये समुद्र बऱ्यापैकी शांत असतो आणि पाऊस यायच्या आत घर लागतं. चेन्नईहून जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात, ते पोर्ट ब्लेअरच्या हॅडो धक्क्याला लागतं. जहाजाच्या तारखा बदलतात, म्हणून चेन्नईत दोन दिवसांचा मुक्काम हिशेबात धरा. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना विमानानं न्या; जहाजाची हौस एखाद्या सुट्टीत भागवता येईल.

उतरल्यावर पहिल्या आठवड्यात करायचं ते एवढंच: भाडेकरार, शाळेचा प्रवेश, गॅस, आणि फिनिक्स बे जेट्टीवर जाऊन बोटींची वेळापत्रकं आणि तिकिटांची पद्धत समजून घेणं. शेजाऱ्याला मासे कुठं चांगले मिळतात ते विचारा. ओळख व्हायला याहून सोपा विषय तिथं नाही. फर्निचर लगेच घेऊ नका. पडौकच्या लाकडाचं सुंदर फर्निचर दुकानात दिसेल, पण बेटांबाहेर लाकडी सामान न्यायला वनखात्याची परवानगी लागते, तेव्हा विकत घेताना पावती आणि लाकडाचा कागद मागून घ्या. शंख-प्रवाळ तर मुलांना किनाऱ्यावरून उचलूच देऊ नका. विमानतळावर ते काढून घेतात आणि वर चौकशी होते.

पुढच्या मार्चमध्ये, भाडेकरार संपायच्या दोन महिने आधी, ती वही परत काढा आणि तीन प्रसंगांपुढं त्या दिवसाची तिकिटं, त्या दिवशीची ठेव आणि आई-वडिलांची त्या वेळची तब्येत लिहा. मग करार वाढवायचा की चेन्नईच्या कंटेनरवाल्याला फोन करायचा, ते घरात बसून ठरवा.